दोन टोकांची वकिली

फौजदारी वकिलाचं काम म्हणजे उलटतपास, ही समजूत नाटक-सिनेमांनी घट्ट करून ठेवली आहे. उलटतपास मलाही आवडतो, त्याच्या तयारीसाठी मी रात्री जागवल्या आहेत. तरी अंधेरीचं कोर्ट, दिंडोशीचं सत्र न्यायालय आणि अधूनमधून हायकोर्ट अशी दोन दशकांहून जास्त काळ ये-जा केल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, की गरीब आरोपीची केस बहुतेक वेळा दोन टोकांना ठरते. एक टोक म्हणजे अटकेनंतरचे पहिले चोवीस तास. दुसरं, जामिनाचा हुकूम झाल्यापासून तुरुंगाचं दार प्रत्यक्ष उघडेपर्यंतचे दिवस. या दोन्ही ठिकाणी बातमीदार नसतो, गर्दी नसते, आणि पुष्कळदा वकीलही नसतो.

माझं ऑफिस साकीनाक्याला आहे, अंधेरी-कुर्ला रस्त्यापासून थोडं आत, जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटीच्या पहिल्या मजल्यावर. खाली पत्रा कापण्याचं काम चालतं, त्यामुळे पक्षकाराला आणि मला दोघांनाही आवाज चढवून बोलावं लागतं. खैरानी रोड, काजूपाडा, जरीमरी, मोहिली या सगळ्या पट्ट्यात गाळ्यांना गाळे लागलेले. भंगार, प्लॅस्टिकचा दाणा, मोल्डिंग, शिलाई, पॉलिश, फरसाण. उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल, ओडिशातून आलेली पोरं दिवसा खाली राबतात आणि रात्री त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतात. 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला आग लागून 12 कामगार गेले, तेव्हा काम आणि बिऱ्हाड एकाच छपराखाली असण्याचा अर्थ बाकीच्या मुंबईला थोडा कळला. माझ्यापुढे तो वेगळ्या वाटेने येतो. गाळ्यात चोरी झाली की पहिला संशय पोटमाळ्यावर जातो. तिथे झोपणाऱ्याकडे भाडेकरार नसतो, रेशनकार्ड गावी असतं, आधारवरचा पत्ता मधुबनीचा नाहीतर गोंड्याचा. त्याच्यासाठी धावपळ करणारं मुंबईत कुणी नसतं. हीच गोष्ट पुढे जामिनाला विरोध करताना 'आरोपी परप्रांतीय असून फरार होण्याची शक्यता आहे' अशी कागदावर उतरते.

सनद मिळाल्यावर मी फोर्टमधल्या एका ज्येष्ठ वकिलांकडे लागले. सर सुरुवातीला कोर्टात तोंड उघडू देत नसत, रोजनामे वाचायला लावत. कोणत्या तारखेला साक्षीदार हजर असूनही सरकार पक्षाने मुदत मागितली, कोणत्या तारखेला आरोपीला तुरुंगातून आणलंच नाही, पंच किती वेळा समन्स घेऊन आला नाही, हे सगळं त्या दोन-दोन ओळींच्या नोंदींत असतं. केसचा इतिहास चार्जशीटमध्ये शोधू नका, रोजनाम्यात शोधा, असं ते सांगत. फोर्ट सोडून साकीनाक्याला बसायचं मी ठरवलं तेव्हा बरोबरीच्या वकिलांना ती पीछेहाट वाटली. सरांना वाटली नाही. 1923 मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केलेल्या बाबासाहेबांचं कार्यालय परळला दामोदर हॉलपाशी, गिरणी कामगारांच्या वस्तीत होतं, एवढंच ते म्हणाले आणि माझ्या हातात त्यांची जुनी दंड प्रक्रिया संहिता दिली. समासात पेन्सिलीने लिहिलेल्या खुणांसकट ती अजून माझ्या टेबलावर आहे. 1 जुलै 2024 पासून कायदे बदलले, कलमांचे आकडे बदलले, तरी त्या तारखेच्या आधीपासून चालू असलेल्या प्रकरणांसाठी ती लागतेच.

एका केसची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नव्या कायद्याच्या आधीची गोष्ट. पितळी नळांना पॉलिश करणाऱ्या गाळ्यातून माल कमी झाल्याची फिर्याद शेठने दिली. आरोपी एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याने आदल्याच आठवड्यात थकलेला पगार मागितला होता, हे मला त्याच्या मामेभावाने सांगितलं. त्याचा फोन रात्री उशिरा आला. "मॅडम, लड़के को उठा ले गए." अशा फोनवर मी गुन्हा काय हे आधी विचारत नाही. किती वाजता नेलं, कुठून नेलं, नेताना कुणी पाहिलं, त्याचा मोबाइल आता कुणाकडे आहे, हे विचारते. घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाने अटकेपासून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याचं बंधन घातलं आहे, आणि ते चोवीस तास कुठून मोजायचे यावरच पुढची लढाई असते. माणूस रात्री नेलेला असतो आणि अटक दुसऱ्या दुपारची दाखवलेली असते. मधले तास कागदावर अस्तित्वातच नसतात. कबुली, 'स्वखुशीने' दिलेलं निवेदन, माल काढून देण्याची तयारी, हे सगळं नेमकं त्या तासांत घडलेलं असतं.

त्या रात्री मी ज्युनिअरला गाळ्याच्या समोरच्या किराणा दुकानात पाठवलं. दुकानाचा कॅमेरा रस्त्यावर होता. अशा कॅमेऱ्यांचं चित्रण आठ-पंधरा दिवसांत आपोआप पुसलं जातं, वकील महिन्याने जागा झाला तर हाती काही लागत नाही. दुकानदार आधी नको म्हणाला, मग त्याच्या बायकोने त्याला दटावलं आणि चित्रण मिळालं. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जोडायचं प्रमाणपत्रही त्याच्याकडून तेव्हाच सही करून घेतलं. मुलगा ज्या वेळी घरझडतीला स्वतःहून हजर होता असं पंचनामा म्हणत होता, त्या वेळी तो दोन माणसांच्या मध्ये रिक्षात बसताना दिसत होता.

रिमांड कोर्टातलं दृश्य बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. दुपारनंतर कैदी पार्टी येते. आरोपीशी बोलायला व्हरांड्यात मिळतील ती दोन मिनिटं, तेवढ्यात वकीलपत्रावर सही किंवा अंगठा, आणि तेवढ्यात त्याचा विश्वास बसला पाहिजे की समोरची बाई त्याच्या बाजूची आहे. मी पहिला प्रश्न विचारते, मारलं का? आणि दुसरा, जेवलास का? पहिल्याचं उत्तर बहुतेक जण पोलिसांकडे बघत 'नाही' असं देतात. दुसऱ्या प्रश्नावर चेहरा सैल होतो, मग पहिल्याचं खरं उत्तर येतं. ते दंडाधिकाऱ्यांपुढे तिथल्या तिथे सांगायचं आणि रोजनाम्यात नोंदवून घ्यायचं. नंतर सांगितलेल्या मारहाणीला कोर्टात वजन उरत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक दंडाधिकारी विचारतातही. बोर्डावर प्रकरणांची रांग असते, त्यामुळे विचारायची आठवण करून देणारं कुणीतरी उभं असावं लागतं, एवढंच.

या पहिल्या टोकाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने जे महत्त्वाचे निवाडे दिले, त्यातले दोन महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांत आहेत. 29 ऑगस्ट 2012 ला कसाबची फाशी कायम करताना त्याच निकालात न्यायालयाने म्हटलं, की आरोपीला पहिल्यांदा हजर करताना वकील मिळण्याचा त्याचा हक्क त्याला समजावून सांगणं आणि त्याच्याकडे पैसे नसतील तर सरकारी खर्चाने वकील देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. मुंबईवर हल्ला करणाऱ्याच्या खटल्यातून काजूपाड्याच्या पॉलिशवाल्याला हा आधार मिळाला. दुसरा 6 नोव्हेंबर 2025 चा, वरळीतल्या 2024 च्या मोटार अपघात प्रकरणातल्या आरोपीच्या अपिलावरचा. अटकेची कारणं लेखी, आणि ती त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत, आणि काही कारणाने लगेच देता आली नाहीत तर रिमांडसाठी हजर करण्याच्या निदान दोन तास आधी हातात पडली पाहिजेत, असं त्यात सांगितलं आहे. अपील एका सधन घरातल्या मुलाचं होतं. पण त्या निवाड्याचा सर्वांत जास्त उपयोग बंगाली किंवा मैथिली बोलणाऱ्या, मराठी कागदावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला होणार आहे, पण तो कागद मागायचा असतो हे त्याला कुणीतरी सांगितलं तरच.

आमच्या त्या मुलाच्या बाबतीत मी 2014 चा अर्नेश कुमार निवाडा पुढे ठेवला. नोकराने केलेल्या चोरीला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा, मग आधी नोटीस देऊन बोलावता आलं असतं, अटकेची गरज काय होती ते लिहून दाखवा. तपास अधिकाऱ्याने छापील यादीत सगळ्याच कारणांपुढे खूण केली होती. तरी पोलीस कोठडी मिळाली, मी मागत होते त्यापेक्षा जास्त आणि ते मागत होते त्यापेक्षा कमी. न्यायालयीन कोठडी होताच जामिनाचा अर्ज केला, चित्रणाचा मुद्दा मांडला, आणि तिसऱ्या आठवड्यात जामीन झाला. पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.

मामेभावाने त्या दिवशी जरीमरीला पेढे वाटले. त्याला वाटलं, मुलगा संध्याकाळी येईल.

जामीनदार म्हणून उभं राहायला रेशनकार्ड लागतं, पगाराची स्लिप किंवा मिळकतीचा कागद लागतो, राहत्या पत्त्याची पडताळणी लागते. पोटमाळ्यावर राहणाऱ्याच्या ओळखीचे सगळे पोटमाळ्यावरच राहणारे. ज्यांच्याकडे कागद आहेत ते शेठ, मुकादम आणि खोलीमालक, त्यातला शेठ तर फिर्यादीच. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार उभे करून देणारे लोक भेटतात, आणि त्यांच्या कागदांतले काही बनावट निघतात. घाबरलेली आई गावाहून येते, मंगळसूत्र मोडून त्यांना पैसे देते, आणि पुढे कागद खोटे ठरले की मुलाचा जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा. मी पक्षकाराच्या नातेवाइकांना पहिल्या भेटीतच बजावते, की जामीनदार मला न विचारता आणायचा नाही. मग आम्ही वस्तीत शोधतो. त्या मुलासाठी शेवटी उभा राहिला एक रिक्षावाला, बारा महिने त्याच गल्लीत चहा प्यायला थांबणारा. रिक्षाचं आरसी बुक आणि विक्रोळीच्या खोलीचे कागद घेऊन तो आला. पडताळणीला पुन्हा वेळ गेला. मधल्या काळासाठी रोख जामिनाची परवानगी मागितली, ती मिळाली, पण पंधरा हजार रोख गोळा होईपर्यंत आणखी दिवस गेले. जामिनाचा हुकूम हातात असताना तो मुलगा जवळजवळ दोन महिने तुरुंगात होता. अपराध सिद्ध व्हायचा होता, जामीन झाला होता, तरी आत.

मला या गोष्टीची जितकी चीड येते तितकी कुठल्याही शिक्षेच्या निकालाची येत नाही. कारण हा प्रश्न सोडवायचा मार्ग 1978 पासून कायद्यात लिहून ठेवलेला आहे. मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याकडे दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला, मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारलं. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती अट काढली आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं. परजिल्ह्याचा म्हणून जामीनदार नाकारू नका, गरिबाला परवडेल तेवढीच रक्कम ठेवा, हे तेव्हा सांगून झालं. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन निर्देश दिले. जामिनाच्या हुकमाची प्रत ई-मेलने तुरुंगात त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावी, आणि महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करायचा विचार करावा. आता मी प्रत्येक जामिनाच्या हुकमाची तारीख वेगळ्या वहीत लिहून ठेवते. महिना पूर्ण झाला की अर्ज, त्याला हे निर्देश जोडलेले. बरेच अर्ज मंजूर होतात. मागितलं तर मिळतं, मागणारा नसला तर माणूस आत राहतो.

कागद पूर्ण झाल्यावरही एक टप्पा उरतो. आर्थर रोड तुरुंगाच्या दाराशी सुटकेच्या हुकमांची पेटी आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये एका नामवंत नटाच्या मुलाला हायकोर्टातून जामीन मिळाला आणि हुकूम वेळेत पेटीत पडला नाही म्हणून त्याची सुटका एक दिवस लांबली, तेव्हा ती पेटी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिली. आमच्यासाठी ती रोजचीच. शुक्रवारी उशिरा हुकूम मिळाला तर साकीनाक्याचा ज्युनिअर लोकल पकडून धावतो, कारण एक वेळ चुकली की तो दिवस त्या मुलाच्या हिशेबात कायमचा जातो.

पुढे त्या मुलाचा खटला उभा राहायला काही वर्षं गेली. उलटतपास झाला, आणि तोही सांगायला हवा. पंचनाम्यानुसार संध्याकाळी सात वाजता उपनगराच्या दुसऱ्या टोकाच्या एका ठाण्यातून निघून पंच आणि पोलीस दहा मिनिटांत खैरानी रोडवर पोचले होते. मी पंचाला फक्त वाटेतले सिग्नल विचारले. जीप कुठे थांबली, पुलाखालून गेली का वरून, साकीनाक्याच्या चौकात किती वेळ लागला. मेट्रो 2014 मध्ये सुरू झाली तरी तो चौक संध्याकाळी तुंबलेलाच असतो, हे न्यायाधीशांनाही ठाऊक होतं. पंचाने शेवटी कबूल केलं की सह्या ठाण्यातच झाल्या. तिथेच थांबले. आणखी एक प्रश्न विचारला असता तर त्याला सावरायची संधी मिळाली असती, हे सरांनी शिकवलेलं. पुण्याच्या शरद सारडा प्रकरणात 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याच्या साखळीबद्दल जी पाच तत्त्वं सांगितली, ती युक्तिवादात मांडली. मुलगा निर्दोष सुटला. पण खरं सांगायचं तर केस त्या पहिल्या रात्री किराणा दुकानात जिंकली होती. आता नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे, ही मला मनापासून आवडलेली सुधारणा. प्रामाणिक अधिकाऱ्यालाही तिचं संरक्षण मिळतं, आणि असे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत.

अशा आरोपींची बाजू का घेता, हा प्रश्न लोक मला हमखास विचारतात, आणि सप्टेंबर 2021 मध्ये तो साकीनाक्यात घराघरात विचारला गेला. त्या वर्षी गणेश चतुर्थीच्या पहाटे खैरानी रोडवर एका बाईवर टेम्पोत अत्याचार झाला. दुसऱ्या दिवशी राजावाडी रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. पोलिसांनी 18 दिवसांत आरोपपत्र दाखल केलं, आणि 2 जून 2022 ला दिंडोशीच्या सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. ज्या रस्त्याने मी रोज चालत घरी जाते त्या रस्त्यावरची ही गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या बायका मला म्हणाल्या, "ताई, याच्या बाजूने कुणी वकील उभाच राहू नये." त्यांचा राग मला परका नव्हता, त्या आठवड्यात मीही रात्री एकटी उतरायला घाबरत होते. मी त्यांना एवढंच सांगितलं, की फाशीची शिक्षा हायकोर्टाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, आणि आरोपीला नीट वकील मिळाला नव्हता असं वर दिसलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करायची वेळ येऊ शकते. त्या बाईच्या घरच्यांना पुन्हा साक्षीला उभं करायचं का? त्या गप्प झाल्या, पटलं असेल असं नाही. न पटणंही मी समजू शकते. बाबासाहेबांनी 1934 मध्ये र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं तेव्हा समाज कर्व्यांच्या विरुद्धच होता. ते प्रकरण अगदी वेगळ्या जातीचं, त्यात कुणाचा जीव गेला नव्हता, आणि बाबासाहेब ती केस हरले. मी ते आठवते ते एवढ्याचसाठी, की वकीलपत्र घेताना गर्दी कुठल्या बाजूला आहे हे त्यांनी पाहिलं नाही.

अलीकडे माझं बरंचसं लक्ष नव्या संहितेच्या 479 व्या कलमाकडे आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला मुचलक्यावर सोडायची तरतूद त्यात आहे, आणि तसा अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर टाकली आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असले तरी तिचा फायदा मिळत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जुन्या प्रकरणांनाही ती लागू आहे. आर्थर रोडमध्ये क्षमतेच्या कितीतरी पट माणसं कोंबलेली असताना या कलमाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. अडचण इतकीच, की पहिलाच गुन्हा आहे हे दाखवणारा कागद अनेकदा गावच्या पोलीस ठाण्यातून यावा लागतो, आणि तो आणायला पुन्हा कुणीतरी लागतं. आम्ही तीन वकिलांनी मिळून वस्तीतल्या मुकादमांकडून आत असलेल्या मुलांची नावं गोळा करायला सुरुवात केली आहे. प्रत्येक नावापुढे अटकेची तारीख, कलम, कमाल शिक्षा, एक तृतीयांश कधी पूर्ण होतो ती तारीख, गावचं ठाणं आणि घरच्यांचा फोन. यादीतले पहिले अर्ज सोमवारी अंधेरीत दाखल होतील.